शांत जमीन की बंद यंत्र?



गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याकडच्या एका कातकरी वस्तीवर आमची नेहमीची आरोग्यफेरी होती. सकाळी पोहोचले तर अर्धी वस्ती घरे सोडून रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली बसलेली. रात्रभर पाऊस कोसळत होता. अंथरुणे भिजलेली, चुली पेटलेल्या नाहीत आणि एका बाईच्या मांडीवर दोन महिन्यांचे बाळ तापाने फणफणलेले. झाले काय, तर आदल्या संध्याकाळी एका मुलाच्या मोबाईलवर मेसेज आला होता. रात्री अडीच वाजता मोठा भूकंप होणार आहे, कोयनेच्या यंत्रावर तो दिसला आहे, कोणीही घरात झोपू नये, असा.

मी म्हटले, “अहो, ही अफवा आहे.” त्यावर बाळाची आजी शांतपणे म्हणाली, “ताई, यंत्रावर दिसलंय म्हन्त्यात. मंग खोटं कसं आसंल?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. “असं काही नसतं” एवढेच मी बोलले, पण ते उत्तर नव्हे. औषधाने बाळ तीन-चार दिवसांत बरे झाले. आजीचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. यंत्रावर नेमके काय दिसते? ते कोण पाहते? त्यावर विश्वास कितपत ठेवायचा? या काळात वाचून, विचारून जे समजले ते आपल्यासमोर ठेवत आहे. आपल्यापैकी अनेकजण वस्त्यांवर जातात. उद्या हाच प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल.

ही भीती येते कुठून?

भोर-वेल्हे हा धरणांचा मुलूख. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही सारी धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या दिवसाच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात. ते फुटणे भूकंपामुळे नव्हते. पण सहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास, कोयना धरणाजवळ ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशे ते दोनशे माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि धक्का पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. नसरापूरपासून कोयना धरण सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तेव्हापासून ‘धरण’ आणि ‘भूकंप’ हे दोन शब्द एकत्र आले की इकडे कोणाचीही झोप उडते.

कोयनेच्या जलाशयात १९६१-६२ पासून पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात लहान धक्के जाणवू लागले. म्हणून १९६३ पासून तिथे भूकंपमापन केंद्रे उभारली गेली. आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा त्यात मोठा वाटा होता. जलाशयातील पाण्याचा दाब खडकांच्या भेगांतून खोलवर पोहोचतो आणि आधीच ताणलेला खडक सरकायला निमित्त मिळते, असे शास्त्रज्ञ सांगतात. १९६७ च्या धक्क्याची नोंद धरणाच्या आत बसवलेल्या उपकरणावर मिळाली आणि ती आजही जगभरचे धरण-अभियंते अभ्यासतात. मात्र धरण आले की भूकंप आलाच, असे नाही. जगातील हजारो मोठ्या धरणांपैकी मोजक्याच ठिकाणी असे घडले आहे.

यंत्र काय पाहते?

भूकंपमापक यंत्र म्हणजे मुळात एक वजन आणि त्याला पेलणारी स्प्रिंग. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने गाडी एकदम सोडली की आपण मागे झुकतो; गाडी पुढे गेलेली असते, शरीर क्षणभर जागीच राहू पाहते. यंत्रातही तसेच घडते. जमीन हलली की सांगाडा तिच्याबरोबर हलतो, वजन जागीच राहू पाहते आणि दोहोंमधला फरक विजेच्या संकेतात उतरतो.

आपल्या देशात असे पहिले केंद्र १८९८ मध्ये कोलकात्याच्या अलिपूरला सुरू झाले. पूर्वी ही नोंद फिरत्या ड्रमवरील कागदावर होत असे. कागद दिवसाकाठी बदलायचा, त्यावरची रेघ डोळ्यांनी वाचायची आणि मोजमापे तारेने किंवा टपालाने पुढे पाठवायची. धक्का नेमका कुठे झाला, हे कळायला वेळ लागे.

आता बहुतेक ठिकाणी कागद गेला आहे. जमीन किती हलते ते यंत्र साधारणपणे सेकंदाला शंभर वेळा मोजते आणि तेही तीन दिशांत: वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. म्हणजे सेकंदाला तीनशे आकडे. दिवसभराचा हिशेब केला तर एका केंद्रातून २ कोटी ५९ लाख २० हजार आकडे निघतात. भूकंप होवो न होवो, हा ओघ चोवीस तास चालू असतो. यालाच भूकंप-डेटाचा प्रवाह म्हणतात.

एवढे आकडे पाठवायचे कसे? आपल्याकडे वाड्या-वस्त्यांवरचे दूध कॅनमधून संकलन केंद्रावर जाते आणि प्रत्येक कॅनवर खूण असते, तसेच इथे आहे. आकडे लहान लहान पुडक्यांत बांधले जातात. त्यासाठी ‘मिनीसीड’ नावाची पद्धत जगभर रूढ आहे. प्रत्येक पुडक्यावर केंद्राचे नाव, दिशा आणि पहिल्या आकड्याची नेमकी वेळ असते. मोबाईल नेटवर्क, इंटरनेट किंवा उपग्रहामार्फत ही पुडकी मुख्य केंद्राच्या संगणकाकडे जातात. त्यासाठीच्या ‘सीडलिंक’ या व्यवस्थेत प्रत्येक पुडक्याला अनुक्रमांक असतो. मधेच संपर्क तुटला आणि नंतर जुळला, तर संगणक विचारतो, “अमुक क्रमांकापर्यंत मिळाले, पुढचे पाठव.” मागची पुडकी जोवर साठ्यात आहेत तोवर ती मिळतात. साठा भरून जुनी पुसली गेली, तर तेवढी नोंद कायमची गेली.

संगणक धक्का कसा ओळखतो?

दमलेली आई पावसाच्या आवाजात गाढ झोपते, पण बाळ जरासे कुरकुरले की जागी होते. पावसाचा आवाज बाळाच्या आवाजाहून मोठा असतो, पण तो एकसारखा असतो. बाळाचा आवाज त्यात वेगळा पडतो. संगणकाची प्रणाली हेच करते. आत्ताच्या एखाद-दुसऱ्या सेकंदातील हालचाल ती मागच्या अर्ध्या-एक मिनिटाच्या सरासरीशी ताडून पाहते. हालचाल एकदम कितीतरी पट वाढली की ती खूण करते.

पण खूण म्हणजे भूकंप नव्हे. समजा, चेलाडी फाट्याजवळ असे यंत्र ठेवले, तर महामार्गावरचा प्रत्येक भरलेला ट्रक त्यावर उमटेल. खाणीतला सुरुंग उमटेल, शेजारून गेलेली म्हैससुद्धा उमटेल. म्हणून एकाच केंद्राचे ऐकत नाहीत. ट्रक तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्राला कळत नाही, भूकंप कळतो. तीन-चार किंवा अधिक केंद्रांवर योग्य अंतराने खुणा उमटल्या, तरच प्रणाली त्यांना एकत्र बांधून जागा काढते. जर्मनीतील पॉट्सडॅम येथे तयार झालेली ‘सिसकॉम्प’ आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेत सुरू झालेली ‘अर्थवर्म’ या अशा कामाच्या प्रसिद्ध संगणक प्रणाली आहेत.

जागा काढण्याचे सूत्र सोपे आहे. भूकंपातून दोन मुख्य लहरी निघतात. पहिली सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, दुसरी सुमारे साडेतीन. जितके अंतर जास्त, तितकी दुसरी लहर मागे पडते. दोहोंमधल्या सेकंदांना आठने गुणले की अंतर अंदाजे किलोमीटरमध्ये मिळते. कोयनेचा धक्का नसरापूरला पोहोचताना दोन लहरींत साधारण बारा सेकंदांचे अंतर पडेल. बारा गुणिले आठ म्हणजे शहाण्णव किलोमीटर. अशी अंतरे निरनिराळ्या केंद्रांवरून मिळाली की ती जिथे जुळतात, तिथे भूकंपाचे स्थान.

यंत्रांची राखण

आता या लेखातली मुख्य गोष्ट. मी समजत होते की या कामात भूकंपाची वाट पाहत बसायचे असते. प्रत्यक्षात रोजचे बरेचसे काम वेगळेच आहे. यंत्रे जागी आहेत ना, हे पाहायचे.

जमिनीची रेघ कधीच पूर्ण सरळ नसते. झाडे वाऱ्याने हलतात, ओढे वाहतात, माणसे चालतात. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की लाटांचे आघात जमिनीतून दूरवर पोहोचतात. आपल्याला काही कळत नाही, पण संवेदनशील यंत्राच्या रेघेवर काही सेकंदांची संथ लय उमटत राहते. म्हणून रेघ अगदी सरळ, निर्जीव दिसू लागली तर जमीन शांत झाली असा अर्थ होत नाही. बहुधा यंत्र बंद पडले आहे.

हे ओळखण्यासाठी डेटाच्या प्रवाहावर लक्ष ठेवणाऱ्या प्रणाली असतात. पडद्यावर सगळ्या केंद्रांची यादी असते आणि प्रत्येकासमोर शेवटचे पुडके कधी मिळाले ते दिसते. काही सेकंदांचा उशीर असेल तर ठीक. उशीर मिनिटांवर गेला की त्या नावाचा रंग बदलतो, तासांवर गेला की पुन्हा बदलतो, दिवस उलटला की ते केंद्र बंद धरले जाते. त्याशिवाय चार गोष्टी तपासल्या जातात. पुडक्यांच्या ओळीत मधे खंड आहे का? बॅटरीचा दाब उतरतो आहे का? केंद्रातला गोंगाट नेहमीपेक्षा फार वाढला किंवा फार घटला आहे का? आणि घड्याळ बरोबर आहे का?

घड्याळाची बाब सर्वांत फसवी. केंद्राचे घड्याळ जीपीएस उपग्रहांवरून जुळवले जाते. जीपीएसची तार तुटली तर घड्याळ हळूहळू भरकटते. रेघ छान दिसते, पुडकी वेळेवर येतात, सगळे आलबेल वाटते. पण एका सेकंदाची चूक म्हणजे पहिल्या लहरीच्या सहा किलोमीटरची चूक. भूकंप या गावाऐवजी शेजारच्या खोऱ्यात दाखवला जाऊ शकतो. बंद यंत्रापेक्षा चुकीची वेळ सांगणारे यंत्र कधीकधी जास्त घात करते.

बिघाडाची कारणे मात्र अगदी घरगुती असतात. जून-जुलैत आठवडाभर ऊन पडत नाही, सौर पॅनेल बॅटरी भरू शकत नाही. उंदीर तार कुरतडतो. वीज कोसळते. सिमकार्डाचा रिचार्ज संपतो. पडद्यावर रंग बदलला की कोणीतरी गाडी काढून डोंगरातल्या त्या खोलीपर्यंत जाते आणि तार जोडून येते. हे काम वर्तमानपत्रात येत नाही. पण ते झाले नाही, तर भूकंपाच्या दिवशी सगळी महागडी व्यवस्था आंधळी ठरते.

पालघरच्या पाड्यांवर

हे सगळे आदिवासी वस्त्यांसाठी का महत्त्वाचे, ते पालघर जिल्ह्याने दाखवून दिले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसरातील पाड्यांवर जमिनीतून स्फोटासारखा आवाज यायचा आणि घरे थरथरायची. धक्के उथळ असल्यामुळे आवाज ऐकू येत होता. वारली आणि इतर आदिवासी कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूंत काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला; त्या दिवशीच्या धावपळीत पडून एका लहान मुलीचा जीव गेला.

अशा वेळी लोकांना आपले म्हणणे खरे मानले जाते का, हे हवे असते. बारीक धक्के दूरच्या केंद्रांवर नीट उमटत नाहीत. आईने भांडी वाजताना पाहिलेली असतात आणि अधिकृत यादीत काहीच नसते. मग ती म्हणते, सरकार लपवते आहे. तिथूनच अफवेला वाट मिळते. पालघरला हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी पाड्यांजवळ तात्पुरती यंत्रे बसवली आणि हजारो बारीक धक्के नोंदले गेले. लोक जे सांगत होते, ते कागदावर आले.

म्हणूनच मी यंत्रांच्या राखणीला महत्त्व देते. जवळचे यंत्र बंद असेल आणि ते बंद आहे हे कोणाच्या लक्षातही आले नसेल, तर यादीत ‘नोंद नाही’ असे येते. वाचणारा समजतो, काही घडलेच नाही. गरिबाच्या तक्रारीचे नेहमी असेच होते. ती लिहून घेतली गेली नाही की ती नव्हतीच, असे ठरते.

किल्लारीचा धडाही विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सात हजारांहून अधिक माणसे गेली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, तिथे लहान धक्के जाणवले होते. पण तो भाग स्थिर समजला जात होता आणि जवळपास पुरेशी यंत्रे नव्हती. त्या आपत्तीनंतर दक्षिणेकडील पठारावरची केंद्रे सुधारण्याचे मोठे काम झाले. आज राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची देशभरात दीडशेहून अधिक केंद्रे आहेत. कोयना परिसरात तर काही यंत्रे जमिनीत खोल खणलेल्या विवरांत उतरवली आहेत, कारण वरचा गोंगाट खाली कमी पोहोचतो. तिथेच गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणून कराडच्या संशोधन केंद्रामार्फत खडकांचा अभ्यास चालू आहे.

मग आजीला काय सांगायचे?

यंत्रावर ‘होणार’ कधीच दिसत नाही. ‘झाले’ आणि ‘होत आहे’ एवढेच दिसते. अमुक रात्री अमुक वाजता मोठा भूकंप येईल, असे सांगू शकणारे यंत्र जगात कुठेही नाही. म्हणून ज्या मेसेजमध्ये पुढची वेळ दिली आहे तो खोटा आहे, हे न तपासताही सांगता येते. मग त्यात कोणत्याही मोठ्या संस्थेचे नाव असो.

काही मोबाईलवर भूकंपाची सूचना येते, ती वेगळी गोष्ट आहे. धक्का सुरू झाल्यावर, दुसरी जोरदार लहर पोहोचण्याआधी मिळालेल्या काही सेकंदांची ती सूचना असते. ती रात्र बाहेर काढायला सांगत नाही. आहात तिथे खाली बसा, डोके सांभाळा, एवढेच सांगते.

वस्तीवर जाणाऱ्या आपल्या सर्वांना चार विनंत्या:

– राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचे ‘भूकंप’ हे ॲप मोबाईलवर घ्या. मेसेज आला की पुढे पाठवण्याआधी त्यात पाहा.

– धक्का खरोखर जाणवला आणि नोंद दिसली नाही, तर लोकांना खोटे ठरवू नका. तारीख, वेळ, गाव, काय हलले, आवाज आला का, हे वहीत लिहा आणि तहसील कार्यालयात कळवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

– घरे पाहा. किल्लारीत जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचे जड मातीचे छप्पर यांनी माणसे मारली. कारवीच्या कुडाचे हलके घर त्या मानाने कमी धोक्याचे. नवे घरकुल बांधताना वीट-दगड नीट सांधले जातात का, कोपऱ्यांत लोखंड आहे का, हे विचारा.

– कुठे डोंगरात कुंपण घातलेली लहान खोली आणि सौर पॅनेल दिसले, तर मुलांना सांगा, तिथे दगड मारू नका, तार ओढू नका.

दिवाळीनंतर मी त्याच वस्तीवर पुन्हा गेले. पाण्याने भरलेला हंडा मधे ठेवला, जमिनीवर पाय आपटला आणि पाण्यावरची थरथर दाखवली. म्हटले, यंत्र हेच पाहते. पाय आपटल्यावर पाणी हलते, आपटण्याआधी नाही.

आजी हंड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी म्होरलं त्येला बी कळत न्हाई, आपल्यावानीच.”

“नाही कळत, आजी.”

“पर जागं आसतं ना रातभर?”

मी म्हटले, हो, असते. आणि ते झोपले तर उठवायला माणसे आहेत.

बाळ आता रांगते आहे. ते हंड्यात हात घालून पाणी उडवू लागले, तेव्हा आजीने त्याला उचलून आत नेले.